व्हॉट्सॲपच्या ग्रुपातून कारखाना बाहेर काढताना

भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी प्लॅनिंगला होतो, तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटरने फ्लँजचं ड्रॉइंग शोधायला ‘प्रॉडक्शन ऑफिशियल’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला आणि वर सरकत गेला. दोन वाढदिवसांचे केक, एक ‘शुभ सकाळ’वाला गणपती, कुणाच्या तरी हरवलेल्या हेल्मेटचा फोटो आणि मग एकदाची पीडीएफ. ती बघून त्याने काम सुरू केलं. ती रिव्हिजन बी होती, म्हणजे ड्रॉइंगची जुनी आवृत्ती. सी त्याच दिवशी सकाळी आली होती, पण ‘प्रॉडक्शन न्यू’ नावाच्या दुसऱ्या ग्रुपवर. बी मध्ये बोअर, म्हणजे मधलं भोक, ४२.५ मि.मी. होतं, सी मध्ये ४२. बोअर एकदा मोठं झालं की पुन्हा लहान होत नाही. सकाळी रॅकवर ३८ फ्लँज लाल रंग फासून, म्हणजे बाद करून, ठेवलेले होते.

चूक कुणाची यावर दोन तास मीटिंग झाली. ऑपरेटरची नव्हती हे सगळ्यांना कळत होतं, तरी बोलणी त्यालाच बसली.

त्यानंतर ‘काहीतरी सिस्टिम आणू या’ असं ठरलं, म्हणजे ज्याला सोशल सॉफ्टवेअर म्हणतात ते. आमचा पहिला प्रयत्न सपशेल पडला, दुसरा टिकला. पुढे जे लिहितोय ते त्या दोन प्रयत्नांतून आणि नंतर ओळखीच्या दोन-तीन ठिकाणी हात लावताना शिकलेलं आहे. वीस-पंचवीसपासून दोनेकशे माणसांपर्यंतची कंपनी आणि हे काम पहिल्यांदाच अंगावर पडलेला माणूस डोळ्यांसमोर ठेवलाय.

आधी नावाची भीती घालवा

सोशल सॉफ्टवेअर म्हणजे फेसबुक नव्हे. चार माणसांनी एकाच जागी लिहावं, वाचावं, दुरुस्त करावं आणि नंतर कुणालाही ते सापडावं, यासाठी केलेलं कुठलंही साधन त्यात येतं. ऑफिसच्या कामाचं चॅट आलं, विकी (कुणीही लिहू-दुरुस्त करू शकेल अशी वेबपानं) आली, सूचनाफलक आला. विकी तर चांगलीच जुनी आहे. वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या प्रोग्रामरने पहिली विकी १९९५ मध्ये सुरू केली आणि नाव घेतलं होनोलुलू विमानतळावरच्या ‘विकी विकी’ बसवरून. हवाईच्या भाषेत त्याचा अर्थ ‘झटपट’. कंपन्यांमधल्या अशा वापराला २००६ मध्ये व्यवस्थापनाचे प्राध्यापक अँड्र्यू मॅकॅफी यांनी ‘एंटरप्राइझ २.०’ असं भारदस्त नाव दिलं आणि मग सल्लागारांचं पीक आलं. तुम्हाला ते नाव घ्यायची काही गरज नाही. शेठना ‘ड्रॉइंग एका जागी सापडेल’ एवढंच सांगा.

नव्याने करताना दोन वस्तूंमधला फरक मात्र पक्का ठेवा. चॅट म्हणजे चहाच्या टपरीवरचं बोलणं, आज झालं आणि उद्या वाहून गेलं. विकी म्हणजे कचेरीतलं दप्तर. ‘मशीन चारचं कूलंट संपलंय’ हे चॅटवर. ‘मशीन चारला कुठलं कूलंट, पाण्यात किती प्रमाणात’ हे विकीवर. हा फरक न केल्यामुळेच ३८ फ्लँज गेले. ड्रॉइंग ही दप्तरातली वस्तू आम्ही टपरीवर ठेवली होती.

पहिला आठवडा: फक्त वही

कुठलंही सॉफ्टवेअर उघडू नका. एक वही घ्या आणि आठवडाभर शॉपमध्ये, स्टोअरमध्ये, डिस्पॅचला फिरा. लोक एकमेकांना काय विचारतात तेवढंच लिहा. कुणी कुणाला विचारलं, उत्तर मिळायला किती वेळ गेला, फोन केला की चालत गेला.

माझ्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न ड्रॉइंगचा नव्हता, याचं मलाच नवल वाटलं. तो होता ‘रात्री काय झालं?’ सकाळी सात वाजता पहिल्या शिफ्टचा सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा माणूस, यायचा, तिसऱ्या शिफ्टचा माणूस बस चुकू नये म्हणून पाच मिनिटं आधीच गेटवर पोचलेला असायचा. हँडओव्हर रजिस्टर होतं, पण त्यात रोज एकच शब्द: ‘ओके’. मग सेटर त्याला फोन लावायचा आणि तो बिचारा बसच्या आवाजात ओरडून सांगायचा, ‘टूल तीनचा ऑफसेट दोनदा दिलाय, आता देऊ नका, इन्सर्टच बदला.’ म्हणजे झिजलेल्या टूलची भरपाई दोनदा करून झालीय, आता त्याचं कापणारं टोकच बदला.

याच आठवड्यात ग्रुपही मोजा. आमच्याकडे मी धरून चाललो होतो सहा-सात, निघाले एकोणीस. त्यातल्या दोनांचे ॲडमिन नोकरी सोडून गेलेले होते. ग्राहकांची ड्रॉइंग अशा माणसांच्या फोनमध्ये पडलेली, जे आता शेजारच्या कंपनीत कामाला आहेत.

एक गोष्ट मात्र करू नका. व्हॉट्सॲपला नावं ठेवू नका. लोकांनी ते कुणी न सांगता, न शिकवता उचललं. फोटो एका बोटात जातो, बोलून पाठवता येतं आणि ते आधीच फोनमध्ये आहे. तुम्ही आणाल त्या साधनाला ही परीक्षा द्यावी लागणार आहे.

एकच दुखणं निवडा

आमचा पहिला प्रयत्न इथेच फसला. मी उत्साहाने एका रविवारी बसून चॅटच्या सॉफ्टवेअरमध्ये २३ चॅनल, म्हणजे एकेका विषयाच्या वेगळ्या जागा, तयार केले. क्वालिटी, पर्चेस, टूल रूम, सेफ्टी, कायझेन, ‘नव्या कल्पना’... सोमवारी सगळ्यांना लॉगिन दिलं. तीन आठवड्यांनी ‘नव्या कल्पना’ चॅनलवर एकच पोस्ट होती, माझीच. रिकाम्या मंगल कार्यालयात जेवायला बोलावल्यासारखं झालं ते. लोक आत डोकावले, कुणी दिसलं नाही, परत गेले.

दुसऱ्या वेळी एकच चॅनल केला, शिफ्ट हँडओव्हरचा. बाकी कशाचंही नाव काढलं नाही, सहा आठवडे.

दुखणं निवडताना दोन गोष्टी बघा. ते रोज व्हायला हवं, कारण महिन्यातून एकदा लागणाऱ्या गोष्टीची सवय लागत नाही. आणि लिहिणाऱ्याचाही त्यात फायदा हवा, नुसता वाचणाऱ्याचा नको. तिसऱ्या शिफ्टचा माणूस का लिहू लागला? बसमध्ये फोन येणं बंद झालं म्हणून.

साधन कोणतं?

खरं सांगायचं तर यावर लोक नको इतका वेळ घालवतात. ऑफिसमध्ये मायक्रोसॉफ्ट ३६५ चे पैसे आधीच भरत असाल तर टीम्स त्यात आहे का बघा, बहुतेक वेळा असतं. झोहोची मेल किंवा हिशेबाची सॉफ्टवेअर वापरत असाल तर झोहो क्लिक जवळचं पडेल. स्लॅक वापरायला सुखाचं आहे, पण फुकट योजनेत मागच्या ९० दिवसांचाच मजकूर दिसतो. ज्यांच्याकडे सर्व्हर सांभाळणारा माणूस आहे त्यांनी मॅटरमोस्ट किंवा झुलिप स्वतःच्या मशीनवर बसवावं. झुलिपमध्ये चॅनलच्या आत प्रत्येक बोलण्याला विषय देता येतो. जॉब नंबर हाच विषय ठेवला तर एका जॉबचं सगळं एका खाली एक मिळतं. मला ते फार आवडलं. आमच्या सुपरवायझरांना नाही आवडलं, आणि तेच वापरणार होते. विकीसाठी डोकूविकी पुरते. तिला डेटाबेस लागत नाही, पानं साध्या टेक्स्ट फाइलींत राहतात, म्हणजे उद्या सॉफ्टवेअर बंद पडलं तरी मजकूर नोटपॅडमध्ये उघडतो.

आणि सॉफ्टवेअर बंद पडतात. मेटाचं ‘वर्कप्लेस’ २०१६ मध्ये आलं, मोठमोठ्या कंपन्या त्यावर गेल्या. मे २०२४ मध्ये मेटाने ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. ३१ ऑगस्ट २०२५ नंतर ते फक्त वाचण्यापुरतं उरलं. तेव्हा विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा: आमचा सगळा मजकूर बाहेर कसा काढायचा? त्याने तोंड वाकडं केलं तर चहा पिऊन निरोप घ्या.

कारखान्याच्या बाबतीत आणखी काही अडचणी आहेत, ज्या ऑफिसवाल्यांच्या डोक्यातच येत नाहीत. बऱ्याच साधनांना प्रत्येक माणसाचा ईमेल लागतो, आणि ऑपरेटरला कंपनीचा ईमेल नसतो. पैसे डोईमागे असतात, मग शेठ म्हणतात ‘फक्त स्टाफला द्या’, आणि ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे तोच बाहेर राहतो. शिवाय कित्येक ठिकाणी शॉप फ्लोअरवर मोबाइल न्यायची बंदी असते. आम्ही यावर काढलेला तोडगा असा: प्रत्येक लाइनला एक जुना टॅबलेट, जाड प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये, सेटरच्या टेबलाला साखळीने बांधलेला. लाइनचं एकच लॉगिन आणि लिहिणाऱ्याने शेवटी स्वतःचं नाव टाकायचं. एकच लॉगिन चालतं का, हे विक्रेत्याला आधी विचारून घ्या, सगळीकडे चालत नाही. तेलकट बोटांनी टॅबलेटचा पडदा ऐकत नाही, म्हणून बाजूला फडकं. हे फडकं बजेटमध्ये धरा, मी थट्टा करत नाही. ते नव्हतं त्या आठवड्यात नोंदी निम्म्यावर आल्या होत्या.

दहा माणसं, त्यात एक कुरकुर करणारा

सुरुवात एका लाइनवर करा. आठ-दहा माणसं पुरे. कॉम्प्युटरची आवड असलेली पोरंच गोळा करू नका. ती काहीही वापरतील, त्यावरून काही कळत नाही. लाइनवरचा जो माणूस ‘हे सगळं आधी करून झालंय’ म्हणतो, त्याला मुद्दाम घ्या. आमच्याकडे ते सेटर काका होते. वीस वर्षं एकाच शॉपमध्ये, चष्मा कपाळावर, सॉफ्टवेअर म्हटलं की ‘मला शिकवू नका, रिटायरमेंटला दीड वर्ष राहिलंय’. त्यांच्याकडे पुन्हा येतो.

लोकांना आत बोलवण्यापूर्वी घर मांडून ठेवा. चालू ड्रॉइंग, मेंटेनन्सचे नंबर, सुट्ट्यांची यादी आणि कँटीनचा आजचा मेनू. हसू नका. पहिल्या महिन्यात निम्मी मंडळी मेनू बघायला यायची. बुधवारी मिसळ असायची. मिसळ बघायला आलेला माणूस वरची हँडओव्हरची नोंदही वाचून जायचा.

प्रशिक्षणाचा हॉल, प्रोजेक्टर, सर्टिफिकेट यातलं काही केलं नाही. शिफ्ट बदलताना टॅबलेटजवळ दहा मिनिटं उभं राहून माणसाकडून त्याचीच पहिली नोंद करून घेतली. दोन आठवडे तिन्ही शिफ्टला कुणीतरी उभं राहिलं पाहिजे, रात्रीलासुद्धा. रात्रीच्या लोकांकडे ऑफिसातलं कुणी फिरकत नाही, त्यामुळे तुम्ही नुसते गेलात तरी अर्धं काम होतं.

शेठ

बाकी सगळं नीट केलं आणि हे चुकलं तर फुकट जाईल.

आमचा दुसरा प्रयत्न चौथ्या दिवशी बुडायला आला होता. शेठनी सवयीने सुपरवायझरला फोन केला, ‘काय रे, मशीन सहा चालू झालं का?’ तो म्हणाला, ‘साहेब, टाकलंय तिकडे.’ शेठ म्हणाले, ‘तिकडे राहू दे, तू सांग ना.’ त्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने तिकडे टाकलंच नाही. का टाकेल? फोनवर परत सांगायचंच आहे.

मी संध्याकाळी केबिनमध्ये जाऊन शेठना एवढंच म्हटलं, ‘साहेब, महिनाभर एक करा. जे तिथे लिहिलेलं आहे ते फोनवर विचारू नका. लिहिलेलं नसेल तर तिथेच विचारा.’ त्यांना अवघड गेलं. फोन उचलायचे, ठेवायचे. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी चॅनलवर त्यांची पहिली ओळ आली: ‘मशीन ६ चं काय?’ पाच मिनिटांत तीन उत्तरं. त्या दिवसानंतर सॉफ्टवेअर मला ढकलावं लागलं नाही.

शेठना आणखी दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा. चॅनलवर कुणाला झापायचं नाही. एका मुलाने प्रामाणिकपणे लिहिलं, ‘माझ्याकडून प्रोब आपटला’, आणि खाली प्रॉडक्शन मॅनेजरचं मोठ्ठं उत्तर आलं असतं, तर पुढची पाच वर्षं कुणी काही आपटल्याचं कळलं नसतं. आमच्या नशिबाने मॅनेजर रजेवर होते आणि शेठनी लिहिलं, ‘लगेच कळवलंस, बरं केलंस.’ दुसरं म्हणजे कोण किती पोस्ट करतो याचा तक्ता लावायचा नाही. एके ठिकाणी ‘रोज माणशी तीन मेसेज’ असा फतवा निघालेला मी पाहिलाय. आठवड्यात चॅनल ‘ओके साहेब’, ‘नोटेड साहेब’ने भरला आणि खरी नोंद शोधायला दुर्बीण लागू लागली.

थोडेच लोक लिहितात म्हणून घाबरू नका. वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन समूहांसाठी एक ढोबळ प्रमाण मांडलं होतं: शंभरातले ९० नुसते वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात, एक जण भरभरून लिहितो. कारखान्यात हाताला काम बांधलेलं असल्यामुळे आकडे इतके टोकाचे नसतात, पण वाचणारे जास्त असणं हा रोग नाही.

मराठीत लिहा, पण सापडेल असं लिहा

हा भाग इंग्रजी पुस्तकांत तुम्हाला मिळणार नाही. आमच्याकडे निम्मे लोक रोमन लिपीत मराठी लिहायचे. ‘झालं’ हा शब्द कुणी झेडने लिहितो, कुणी जे-एचने, कुणी नुसत्या जेने. आता ‘स्पिंडल गरम झालं’ शोधून दाखवा! अंकांचंही तेच. एकाने देवनागरीत ४ लिहिला, दुसऱ्याने इंग्रजी आकडा टाकला, शोधखिडकीला या दोन वेगळ्या गोष्टी वाटू शकतात.

मी आधी ‘सगळ्यांनी इंग्रजीत लिहा’ असं सुचवलं होतं. मूर्खपणा होता. लोक लिहायचेच बंद झाले, किंवा मशीन ‘प्रॉब्लेम’ एवढ्यावर भागवू लागले. मग नियम उलटा केला. भाषा तुमची, लिपी तुमची, बोलून टाइप केलंत तरी चालेल. मराठीत बोलून टाइप करणं आता फोनवर बरंच बरं चालतं, शॉपमधला आवाज सोडला तर. फक्त पहिली ओळ ठरलेल्या साच्यात: मशीन नंबर आणि जॉब नंबर, दोन्ही इंग्रजी आकड्यांत, मध्ये जागा न सोडता. शोधायचं ते त्या ओळीवरून. खाली काय हवं ते लिहा. टॅबलेटच्या वर एक नमुना छापून चिकटवला.

जुना ग्रुप कधी बंद करायचा

दोन्हीकडे चालू ठेवलं तर नवीन मरतं. तारीख ठरवा आणि दोन आठवडे आधी सांगा. त्या दिवशी ग्रुप उडवू नका, जुनं सामान आत आहे. सेटिंगमध्ये जाऊन फक्त ॲडमिनच मेसेज पाठवू शकेल असं करा आणि शेवटचा मेसेज ठेवा: आता इथून पुढे तिकडे. हे करण्याआधी निघून गेलेल्या माणसांना ग्रुपमधून काढा आणि कामाच्या ड्रॉइंग दप्तरात हलवा.

वाढदिवसांचा ग्रुप मात्र राहू द्या. केकला जागा हवीच. त्याला कामाच्या चॅनलवर आणलात तर दोन्ही नासतील.

नियमांचं पान एका स्क्रीनमध्ये मावलं पाहिजे. आमच्या पानावर होतं ते साधारण असं: शिफ्ट संपल्यावर उत्तर द्यायची सक्ती नाही, मशीन थांबलं असेल तर फोनच करा. आधार, पगाराची स्लिप, डॉक्टरचं सर्टिफिकेट चॅनलवर टाकायचं नाही. डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे, एचआरच्या माणसाला तो वाचायला लावा. ग्राहकाचं ड्रॉइंग बाहेर पाठवायचं नाही. नोकरी सोडणाऱ्याचं लॉगिन शेवटच्या दिवशीच बंद.

फरक पडला का, हे घड्याळाने बघा

डॅशबोर्डवरचे रंगीत आलेख बाजूला ठेवा. सुरू करण्याआधी पाच वेगवेगळ्या माणसांना सांगा, ‘अमुक जॉबचं चालू ड्रॉइंग काढून दाखव’, आणि घड्याळ लावा. तीन महिन्यांनी पुन्हा लावा. सकाळी सात ते आठमध्ये सेटरने रात्रीच्या माणसाला किती फोन केले, ते त्यालाच विचारा. आमच्याकडे पहिल्या वेळी एक जण सतरा मिनिटं शोधत बसला आणि शेवटी चुकीचंच काढलं. नंतर दोन मिनिटांच्या वर कुणाला लागलं नाही. शेठना हाच कागद दाखवून मी दुसऱ्या लाइनसाठी टॅबलेट मागितले.

दप्तराला माळी लागतो

विकीवर गवत वाढतं. जुनी पानं, बदललेले नंबर, एकाच गोष्टीची दोन पानं. शनिवारी अर्धा तास एका माणसाच्या नावावर लावून टाका, ‘सगळ्यांनी मिळून’ असं म्हणू नका. आठवड्यात चॅटवर जे उत्तर दोनदा द्यावं लागलं, ते त्याने उचलून पानावर न्यायचं. एवढंच काम. पण त्याच्या कामाच्या यादीत ते लिहिलेलं हवं, नाहीतर पहिल्या घाईच्या महिन्यात सुटतं.

आमच्याकडे हे काम एका ट्रेनी पोराकडे दिलं आणि त्याला सेटर काकांच्या शेजारी बसवलं. काका टाइप करणार नव्हते, ते पहिल्याच दिवशी स्पष्ट झालं होतं. पोरगा विचारायचा, काका हात चालू ठेवून सांगायचे, तो लिहायचा. मशीन चारचं फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारी पकड) उन्हाळ्यात दुपारी का सरकतं, हे वीस वर्षांत कुठल्याच कागदावर नव्हतं. ते आता एका पानावर आहे, काकांनी पेनने काढलेल्या आकृतीच्या फोटोसकट. पहिल्यांदा पान वाचून दाखवलं तेव्हा काका म्हणाले, ‘हे चुकीचं लिहिलंस.’ आणि शेजारी स्टूल ओढून बसले.

ते निवृत्त झाले, साताऱ्याकडे गावी गेले. नियमाप्रमाणे लाइनच्या यादीतून त्यांचं नाव त्याच दिवशी काढलं. गेल्या महिन्यात त्या पोराला त्यांचा फोन आला होता. आधी शेतातल्या पावसाचं बोलले, मग म्हणाले, ‘मशीन चारच्या पानावर बघ जरा. फिलर गेज कुठल्या बाजूने लावायचं ते लिहिलंय का आपण?’

लिहिलं नव्हतं.